बंदरात डुबकी, ग्रुपवर भांडण

जुलै लागला की कोपनहेगनमध्ये आमच्यासारख्या पोराबाळांवाल्यांची पंचाईत होते. बाहेर २२ डिग्री, समुद्र जेमतेम १८, आणि बरेचसे इनडोअर पूल नेमके तेव्हाच बंद. जे उघडे असतात तिथे पाण्यात उतरण्याआधी अंगावर एकही कपडा न ठेवता साबणाने आंघोळ सक्तीची. हा नियम ऐकून आमची आई बाहेरच्या बाकावर जी बसली, ती आत आलीच नाही.

धाकट्याला अमागर स्ट्रँडपार्क बरं पडतं. २००५ साली भर घालून केलेलं बेट, मागे उथळ खाडी, लाटा नाहीत, शिवाय मेट्रो जवळ. थोरलीला मात्र इस्लान्स ब्रुगेचा हार्बर बाथच हवा असतो. भर शहरात, बंदराच्याच पाण्यात २००२ पासून आहे, उन्हाळ्यात जीवरक्षक असतात आणि प्रवेश फुकट. ती नाक दाबून उडी मारते, जांभळे ओठ घेऊन वर येते आणि दात वाजत असतानाच म्हणते, "अजून एकदा!"

तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि भांडण जुंपलं. काका म्हणाले, "आपल्या पुण्यातही होतंय, नदीकाठ सुधार प्रकल्प बघ!" मावसभाऊ तोडलेल्या झाडांचे फोटो टाकायला लागला. ४४ किलोमीटरचा काठ, २०२२ चं भूमिपूजन, खर्च, सगळं निघालं. पाण्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

इथे कोपनहेगनमध्येही पावसात गटारं तुंबून बंदरात सुटायची, पोहायला कित्येक दशकं बंदीच होती. मग जमिनीखाली मोठाल्या टाक्या बांधल्या. पावसात वाढलेलं सांडपाणी तिथे थोपवून ठेवायचं आणि नंतर शुद्धीकरण केंद्राकडे सोडायचं. हे झाल्यावर पोहण्याची सोय आली. आजही मुसळधार पाऊस झाला की पोहणं बंद. एकदा टॉवेल, खाऊ, सगळं सायकलवर लादून गेलो तर प्रवेश बंद! थोरली रस्ताभर फुरंगटून बसली. मला मात्र बरंच वाटलं. पाणी घाण असेल त्या दिवशी तसं सांगतात, त्यामुळेच बाकीच्या दिवशी मी पोरीला उडी मारू देते.

तुलना सरळ नाही, मान्य. इथे समुद्राचं पाणी आत-बाहेर होतं, बंदरातले कारखाने गेले. खडकवासला धरणाच्या खाली मुठेत पावसाळा सोडला तर वाहतं ते मुख्यतः शहराचंच सांडपाणी. त्यात पोरांना पोहू द्या, असं मी म्हणणार नाही. त्यासाठी टिळक जलतरण तलाव आहे. पण मुळा-मुठेच्या शुद्धीकरणाचा जपानी कर्जावरचा प्रकल्प २०१६ साली मंजूर झाला, म्हणजे काठाच्या भूमिपूजनाच्या आधी. कागदावर क्रम बरोबर होता. मग माझ्या नजरेला आधी काठच कसा पडला?

डिसेंबरात बंडगार्डनजवळच्या नव्या काठावर गेलो होतो. फरशी छान बसवलीय, खरं सांगते. तिथेही थोरली नाक दाबूनच उभी होती.

ते ग्रुपवर लिहिल्यापासून काका गप्प आहेत. उद्या इथे पावसाचा अंदाज आहे. आधी फोनवर पाण्याचं बघेन, मगच टॉवेल भरेन.