‘रोमन कायद्याची नक्कल’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. ‘फ्रेंच दिवाणी संहिता ही रोमन कायद्याची नक्कल आहे, नेपोलियनने तिला फक्त आपलं नाव लावलं, आणि गोव्याचा कायदा पोर्तुगीजांचा असताना त्यात फ्रान्सला कशाला ओढता?’ असं तुम्ही विचारलंत. आक्षेप गंभीर आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

क्रांतीपूर्वी फ्रान्सला एक दिवाणी कायदाच नव्हता. दक्षिणेत रोमन परंपरेचा लेखी कायदा चाले, उत्तरेत प्रांतोप्रांतीच्या रूढी. पॅरिसची रूढी वेगळी, नॉर्मंडीची वेगळी. क्रांतीनंतर कायदेपंडित कांबासेरेसने १७९३, १७९४ आणि १७९६ साली एकेक मसुदा मांडला, तिन्ही बारगळले. मग १८०० मध्ये नेपोलियनने चौघांची समिती नेमली. त्यातले त्रोंशे आणि बिगो द प्रेआमनो उत्तरेच्या रूढींत मुरलेले, तर पोर्तालिस आणि मालव्हिल दक्षिणेतले, रोमन कायद्यावर पोसलेले. नुसती नक्कलच करायची असती तर या दोन पहिल्यांची गरज काय होती?

२१ मार्च १८०४ ला जाहीर झालेल्या २,२८१ कलमांत ही तडजोड दिसते. करारांचे नियम बरेचसे रोमन वळणाचे, पण वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरायची, ही उत्तरेची रूढी. वारशात थोरला-धाकटा, मुलगा-मुलगी असा भेद नाही, ही क्रांतीची देणगी. जन्म, विवाह, मृत्यूची नोंद चर्चऐवजी सरकारी दप्तरात, हीसुद्धा.

नेपोलियनबद्दल मात्र तुमच्याशी अर्धीच सहमती. कलमं त्याने लिहिली नाहीत, हे खरं. पण राज्य परिषदेत, म्हणजे कायद्यांचे मसुदे तपासणाऱ्या सरकारी सल्लागार मंडळात, मसुद्यावर शंभराच्या वर बैठका झाल्या, त्यांतल्या निम्म्यांच्या आसपास तो स्वतः अध्यक्षस्थानी होता. कुटुंबाच्या प्रकरणात तर त्याने हिरिरीने वाद घातले. पत्नीने पतीची आज्ञा पाळावी, हे २१३ वं कलम याच संहितेतलं. व्यभिचारी पत्नीला पती घटस्फोट देऊ शके. पत्नीला मात्र नवऱ्याने ठेवलेली बाई राहत्या घरात आणली तरच तो मागता येई. हा अन्याय मी संहितेच्या गौरवाखाली झाकणार नाही. आज्ञापालनाचं ते बंधन १९३८ साली गेलं.

आता गोवा. गोव्यात लागू झालेली १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता सेआब्रा या कायदेपंडिताने रचली. तिची मांडणी त्याची स्वतःची, आशयावर मात्र फ्रेंच संहितेचा मोठा प्रभाव. गोव्यातली पती-पत्नीची सामाईक मालमत्ता तेवढी फ्रान्सची नव्हे. ती पोर्तुगालची जुनी रूढी. फ्रान्सचं ऋण आहे ते विखुरलेल्या दिवाणी नियमांची एकच क्रमवार संहिता करण्याच्या आदर्शात. गोव्यातही तो पुरता उतरला नाही, कारण हिंदूंच्या काही रूढींना १८८० च्या फर्मानाने वेगळी मान्यता मिळाली. १९६१ नंतर भारत सरकारने १९६२ च्या कायद्याने तिथले प्रचलित कायदे चालू ठेवले, आणि ही संहिताही त्यांतच आली.