माणूस काढायचाय? या, बसा

मालक, सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: कायदा मोठ्यांसाठी असतो. तुमचं कुपवाडला चार लेथचं वर्कशॉप, नाहीतर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पेढी. तुम्हाला कोण विचारतंय? चहाच्या गाड्यावर कुणीतरी छातीठोक सांगितलेलंच आहे की, नवीन कायद्यात 300 च्या आत काही लागत नाही.

आकडा खरा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि 300 पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला कामगार कपातीसाठी सरकारची परवानगी लागत नाही. फक्त परवानगी. वर्षभर राबलेल्या माणसाची कपात करायची तर महिन्याची लेखी, कारणासकट नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराची भरपाई, हे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातलं कलम जसंच्या तसं पुढे आलंय. त्याला तुमच्याकडे चार माणसं की चारशे, याच्याशी घेणंदेणं नाही. पण गाड्यावर हे कुणी बोललं नाही, तेव्हा आपणही कानावर घ्यायचं कारण नाही.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. 'तुला काढलं' असं कधीही म्हणू नका, ते पुण्या-मुंबईचं बोलणं. आपल्याकडे म्हणतात, "जरा थोडे दिवस घरी थांब, सीझन लागला की सांगावा धाडतो." नोटीस नाही, तारीख नाही, कारण नाही, वर आवाजात माया. दोन महिन्यांनी तो दारात उभा राहिला की चेहरा पाडून म्हणायचं, "अरे, तूच यायचं बंद केलंस की!" मधल्या काळात 'कामावर हजर हो' असं पत्र मात्र चुकूनही पाठवू नका. माणूस खरंच काम सोडून गेला असेल तर मालकाने बोलावणं धाडलं का, चौकशी केली का, असं कोर्ट विचारतं. पत्र पाठवलं आणि तो आला, तर काय करणार?

एवढं नाटक जमत नसेल तर आरोप करा. यासाठी महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याची चौथी अनुसूची आयतीच आहे. आकसाने काढणं, खोट्या पुराव्यावर फौजदारीत गुंतवणं, धादांत खोटी कारणं देणं, न सांगता गैरहजर राहिल्याचा बनावट आरोप, चौकशी घाईघाईने उरकणं... बसल्या जागी सगळं सुचवलंय. वर शीर्षक 'अनुचित कामगार प्रथा' असं आहे, तेवढ्यावर बोट ठेवून वाचा. चौकशी गल्ल्यावर बसूनच करा. तक्रारदार तुम्ही, साक्षीदार तुम्ही, निकाल देणारे तुम्ही. दोन फोनच्या मधे आटपते.

काहींची श्रद्धा राजीनाम्यावर असते. गणपतीत उचल देताना कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवायची, वेळ आली की दिवाणजी वर मजकूर चढवतात. मजकूर नेहमी एकच: "मी माझ्या वैयक्तिक अडचणीस्तव, कोणत्याही दबावाविना, राजीखुशीने..." चौथी शिकलेला, हळद पॉलिशच्या ड्रमवरचा माणूस एका रात्रीत अशी भाषा लिहायला लागतो, हा आपल्या पेढीचा शैक्षणिक महिमाच. फक्त राजीनाम्याच्या तारखेनंतर त्याला फोनपेवर पगार गेलाय का, तेवढं बघायचं राहून जातं.

कागदाचा विषय निघालाच आहे तर, नेमणूक पत्र, पगाराची स्लिप असलं काही देऊ नका. 12 महिन्यांत 240 दिवस भरले की कायद्याच्या हिशेबात वर्षभर राबला, पण ते भरले हे आधी त्यालाच दाखवावं लागतं, दाखवू दे. हवं तर मधेमधे ब्रेक द्या आणि मस्टरवर 239 ला घोडं अडवा. पगारी रविवार आणि सुट्ट्याही मोजायच्या, असं सर्वोच्च न्यायालय 1985 सालीच सांगून बसलंय. दिवाणजींना त्रास नको म्हणून कळवू नका. बाकी पुरावा तुम्ही स्वतःच पुरवता. रोज रात्री "सकाळी सहाला ये, ट्रक लागतोय" असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. दसऱ्याला काट्याची पूजा करताना स्टेटसला टाकलेला फोटो, दरवर्षी, आणि दरवर्षी तोच माणूस तुमच्या उजव्या हाताला नारळ धरून उभा. खाली लिहिलेलं, 'आमचं कुटुंब'.

हा सगळा खटाटोप किती पैशांसाठी, तेही बघू. 15 हजार पगार, आठ वर्षं नोकरी. एका महिन्याचे 15 हजार आणि अर्धा महिना गुणिले आठ म्हणजे 60 हजार. एकूण पाऊण लाख. दहा माणसं असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी, आणि एकदा लागू झाली की माणसं नऊवर आणूनही सुटत नाही. पाऊण लाख वाचवून खुशाल कोर्टात जा. बेकायदा काढलेल्याला परत घेऊन मागचा पूर्ण पगार देणं हाच सर्वसाधारण नियम, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली म्हटलंय. पाच वर्षं तारखा पडल्या तर नऊ लाख होतात. पुष्कळदा कोर्ट एकरकमी काहीतरी देऊन मिटवतं म्हणा, नशीब तुमचं. वकिलांची फी मात्र एकरकमी नसते.

त्याआधी समेटासाठी सरकारी कामगार अधिकाऱ्यांपुढे जावं लागेल. तिथे ठरलेलं वाक्य ठणकावून म्हणा, "साहेब, मी काढलंच नाही." साहेब म्हणतील, "उत्तम. मग उद्या सकाळी आठला कामावर घ्या आणि तसं लिहून द्या." इथे घोटाळा होतो, कारण त्याच्या जागेवर तुम्ही मेहुण्याच्या पोराला आधीच बसवलेलं असतं. वर कायदा म्हणतो, कपात करायचीच तर शेवटी आलेला आधी जातो. आता त्या पोराला कोण सांगणार, ते आज रात्री घरी जेवायला बसण्याआधी ठरवून ठेवा.