नाक कुणाचं गं हे?

काल रात्री मावशीकडे फ्लर्टिंग विथ डिझास्टर परत बघितला. १९९६ चा पिक्चर, डेव्हिड ओ. रसेलचा, बेन स्टिलर एकदम कोवळा दिसतो त्यात. दत्तक गेलेला माणूस मोठेपणी जन्मदात्यांना शोधायला निघतो एवढंच ऐकून मी पहिल्यांदा रुमाल घेऊन बसले होते, पंधरा मिनिटांत कळलं हे प्रकरण वेगळंय.

हा मेल कॉप्लिन, न्यूयॉर्कचा, किड्यांचा अभ्यासक. मुलगा चार महिन्यांचा झाला तरी नाव ठेवलेलं नाही, का तर आधी मी कोण ते कळू दे. (आपल्याकडे बारशाला धपाटे आत्याच्या पाठीत बसतात, इथे बापालाच बसले असते.) मग बायको, तान्हं बाळ आणि दत्तक संस्थेची एक अर्धवट बाई अशी वरात निघते. सॅन दिएगोला पहिली आई. उंच, सोनेरी केसांची, तिच्या मुली पण तशाच ताडमाड, घरभर काचेचे प्राणी. मेल त्या घरात कुठल्याच बाजूने बसत नाही, तरी गडी खूश! ते काचेचे प्राणी फोडून होतात आणि मग कळतं की संस्थेच्या रेकॉर्डमध्ये घोळ आहे, ही ती नव्हेच. पुढे मिशिगनचा ट्रकवाला, आधी अंगावर धावून येतो, पोरगा आहे म्हटल्यावर थेट ट्रकच चालवायला देतो आणि मेल तो ट्रक पोस्ट ऑफिसात घुसवतो. तोही बाप नाही.

मला यातलं हेच जाम आवडतं. जो कोणी आई किंवा बाप म्हणून समोर येईल त्याच्यात हा स्वतःला शोधायला लागतो. माझी मावसबहीण दत्तक आहे, तिला लहानपणापासून माहितीये, आम्हालाही. पण सोसायटीत नवीन आलेली प्रत्येक काकू म्हणणार, नाक अगदी बाबांचं हं, आणि आमचे काका पण खुशाल मान डोलावणार, जसं काही ते नाक त्यांनी स्वतः घडवलंय. आधी नातं सांगा, मग नाक आपोआप दिसतं लोकांना.

खरे आईबाप सापडतात न्यू मेक्सिकोत, अ‍ॅलन आल्डा आणि लिली टॉमलिन, जुने हिप्पी. मूल का दिलं तर एलएसडी, म्हणजे नशेचं ड्रग, बनवल्याबद्दल आत होते. आणि धंदा अजून चालूच! धाकटा भाऊ मेलच्या जेवणात ते कालवतो आणि खातो भलताच, तो पण सरकारी एजंट, पुढचं तुम्हीच बघा. या शेवटच्या भागात गर्दी जरा जास्त झालीये आणि बायकोला, म्हणजे पॅट्रिशिया आर्केटला, अजून काम द्यायला हवं होतं असं माझं मत.

गंमत म्हणजे त्याच वर्षी कान फिल्म फेस्टिव्हलला माइक लीच्या सीक्रेट्स अँड लाइजला मुख्य पारितोषिक मिळालं, त्यातही दत्तक मुलगी आईला शोधते. तो थोर आहेच, मान्य. पण बहिणीसोबत बघायचा तर मी हाच लावणार. आपल्याकडे १८ पूर्ण झाले की दत्तक मुलाला स्वतः रूट सर्चसाठी, म्हणजे जन्मदात्यांच्या शोधासाठी, अर्ज करता येतो, जन्मदात्यांनी ओळख गुप्त ठेवा म्हटलं असेल तर मात्र आधी त्यांची संमती लागते. तिला विचारलं करणार का गं? तर म्हणे करीन कदाचित, पण आधी विचारून घेईन घरात काचेचे प्राणी आहेत का.

तेवढ्यात मावशी पाणी घ्यायला आली. पडद्यावर मेलला वाढवणारी आई, मेरी टायलर मूर, सुनेला ब्रा कशी असावी यावर लेक्चर देत होती, स्वतःचा ब्लाउज वर करून. आम्हाला वाटलं आता टीव्ही बंद. मावशी पूर्ण सीन उभ्याने बघून म्हणाली, बरोबर सांगतेय ती, तुम्ही दोघी माझं कधी ऐकता का!