ब्रेकचे रबर घरीच बसवा

सायकलच्या ब्रेकचे रबर बदलण्यासाठी दुकानात जाणे स्वाभिमानी माणसाला शोभत नाही. दुकानदार दहा मिनिटांत काम उरकतो आणि वर मजुरी मागतो. तेच काम आपण घरी काढले, तर रविवारची सबंध सकाळ सत्कारणी लागते आणि मजुरीचे पैसे मलमपट्टीसाठी शिल्लक राहतात.

नव्या रबरावर ‘एल’, ‘आर’ आणि एक बाण कोरलेला आढळेल. ती नक्षी समजावी. रबर धातूच्या खाचेत सरकवून बसवायचे असेल, तर खाचेचे उघडे तोंड न चुकता पुढच्या बाजूस ठेवावे. ब्रेक दाबला की फिरती रिम रबराला पुढे ओढते आणि, त्याला अडवणारा इवलासा स्क्रू आपण आधीच हरवलेला असल्यामुळे, ते अलगद निसटते. मी स्वतः हा प्रयोग सोसायटीच्या उतारावर केला आहे. रबर गटारात गेले आणि मी रिकामी खाच रिमवर खरखरत फाटकापर्यंत पोहोचलो. हौशी मंडळींनी चाचणी थेट कात्रजच्या जुन्या घाटात घ्यावी.

रबर रिमच्या सपाट पट्टीवरच टेकावे, असा हट्ट काही लोक धरतात. ते थोडे वर टायरला घासू द्यावे. टायरची बाजू हळूहळू कापली जाऊन एके दिवशी ट्यूब फुटते आणि सायकल ब्रेकशिवायच थांबते. घुमटासारखे आणि वाटीसारखे वॉशर रबराचा कोन जुळवण्यासाठी दिलेले असतात. त्यांतले दोन-चार शेवटी उरले, तर तेवढेच वजन कमी झाले.

रबराचे पुढचे टोक रिमला आधी टेकावे म्हणून मागच्या टोकाखाली जुन्या पोस्टकार्डाचा तुकडा धरून नट आवळणारे कारागीर मी पाहिले आहेत. जेमतेम एक मिलीमीटरच्या फरकासाठी एवढा खटाटोप! तो टाळला की ब्रेक असा किंचाळतो की घंटीचा खर्च वाचतो. शेजारी फारच कुरकुरू लागले, तर शिवणयंत्राचे तेल रिमवर सढळ हाताने सोडावे. आवाज तत्काळ थांबतो. सायकल मात्र थांबत नाही.

माझी सायकल कुंपणातून सोडवून मी दुकानात नेली, तेव्हा दुकानदाराने रिमवरून नुसते बोट फिरवले, ते हुंगले आणि विचारले, “शिवणयंत्राचं का?” मी मान डोलावली. त्याने काही न बोलता नव्या रबरांची जोडी काढली.