ड्राय फायरबद्दलचा तो मेसेज आधी पुसून टाका

रविवारी ताईकडे गेलो तर नेमबाजी शिकणारी भाची टीव्हीसमोर उभी. हातात एअर पिस्तूल, नेम बातम्या देणाऱ्याच्या कपाळावर. टीव्हीच्या पुढ्यातच तिचा सहा वर्षांचा भाऊ गाड्या खेळत बसलेला. मी ओरडलोच. दाजी म्हणाले, "अरे, रिकामं आहे. मेसेजमध्ये लिहिलंय तसंच करतेय ती."

तो मेसेज मग मी वाचला. त्यात लिहिलं होतं: ड्राय फायर, म्हणजे पिस्तूल न भरता नुसता ट्रिगर दाबायचा सराव, हे नुसतं मनाचं समाधान. खरा नेम रोज 500 पेलेट, म्हणजे एअर पिस्तुलाच्या छोट्या गोळ्या, उडवूनच बसतो. रिकामा ट्रिगर दाबून पिस्तूल बिघडतं. आणि तरी घरी करायचंच असेल तर भिंतीसमोर नको, टीव्हीवरच्या हलत्या चेहऱ्यांवर करा, रिकाम्या पिस्तुलाला काय भ्यायचं.

या शेवटच्या ओळीचा मला सगळ्यात जास्त राग आला. "रिकामं होतं" हे वाक्य अपघातानंतरच ऐकू येतं. एअर पिस्तुलाच्या पेलेटने डोळा जातो. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागी, पिस्तूल खाली ठेवतानासुद्धा नळीत सेफ्टी फ्लॅग घालावा लागतो, तो रिकामं असल्याचं दुसऱ्याला दिसावं म्हणूनच. घरात नियम आणखी कडक हवेत. पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत, नळी स्वतः तपासायची, जवळ असलेल्या मोठ्या माणसाला दाखवायची, समोर पक्की भिंत आणि त्या बाजूला कोणीही नाही. माणसाच्या चेहऱ्यावर, अगदी चित्रातल्याही, नेम धरायची सवय मुलांना लावूच नका.

शिवाय चेहऱ्यावर नेम धरून शिकायला काहीच मिळत नाही. पिस्तुलात नजर फोरसाइटवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुणेवर, ठेवायची असते, लक्ष्य धूसरच दिसायला हवं. रिअर साइटच्या, म्हणजे मागच्या बाजूच्या, खाचेत फोरसाइट मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड. दोन्ही साइटमधलं अंतर साधारण 32 सेंटिमीटर असतं. फोरसाइट खाचेत एक मिलिमीटर सरकली तर 10 मीटरवर पेलेट तीन सेंटिमीटर लांब जातं, म्हणजे दहा गुणांच्या जागी सात. पण साइट जुळलेल्या राहून सगळा हातच पाच मिलिमीटर हलला, तर पेलेटही पाचच मिलिमीटर सरकतं, आणि लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे नुकसान फारसं नाही. म्हणून कोरी पांढरी भिंत. तिथे फोरसाइटशिवाय बघायला दुसरं काही नसतं.

"नुसतं मनाचं समाधान" म्हणणाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाची नियमपुस्तिका उघडावी. ड्राय फायरची व्याख्याच तिथे दिली आहे. सामन्याआधीच्या 15 मिनिटांच्या तयारीच्या वेळात फायरिंग लाइनवर ते करायला परवानगी आहे. ऑलिंपिकचे नेमबाज पहिल्या गोळीआधी जे करतात, ते निरुपयोगी कसं? ट्रिगर झटक्यात ओढला की फोरसाइट हलते. खऱ्या गोळीत आवाज आणि धक्क्याखाली ही चूक दडते. रिकाम्या ट्रिगरला ती डोळ्यासमोर उघडी पडते.

पिस्तूल बिघडण्याच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करतो. स्प्रिंगवर चालणारी एअरगन पेलेटशिवाय चालवू नये, पिस्टन आपटतो. पॉइंट टू टूच्या, म्हणजे काडतुसावर चालणाऱ्या .22 बोअरच्या, बऱ्याच पिस्तुलांतही फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर बसते, तिथे डमी (खोटं काडतूस) किंवा बनवणाऱ्याने सांगितलेली सोय वापरावी. पण स्टायर, मोरिनी, वॉल्थर या कंपन्यांच्या 10 मीटरच्या स्पर्धेच्या एअर पिस्तुलांत ड्राय फायरची सोय मुद्दाम दिलेली असते. भाचीचं पिस्तूल त्यातलंच आहे.

आणि रोज 500 पेलेट? सामना 60 गोळ्यांचा असतो. दमलेल्या हाताने चुकाच पक्क्या होतात. गोळीबार हवाच, कारण पेलेट कुठे गेलं हे भिंत सांगत नाही. पण आठवड्यातून दोनदा रेंज मिळणाऱ्या मुलीने उरलेले दिवस काय करायचं?

आता ती मागच्या खोलीत, दार लावून, ताईला नळी दाखवून, भिंतीसमोर रोज वीस मिनिटं उभी राहते. ट्रिगर सुटल्यावरही फोरसाइट जागेवरच राहिली, अशा वेळा मोजून वहीत लिहिते. काल चाळीसपैकी सव्वीस होत्या.