दहा मिनिटांत कोथिंबीर

रविवार सकाळ आणि डोकं फिरलंय. फॅमिली ग्रुपवर चुलतभावाने एक रील टाकलंय. आपल्याकडचाच कोणीतरी पोरगा म्युनिकच्या रिकाम्या रस्त्यावर उभा राहून "गाइज, संडेला इथे माणसं राहतात की नाही" म्हणून ओरडतोय, मागे करुण म्युझिक. खाली दादाची टिप्पणी, "आमच्याकडे दहा मिनिटांत कोथिंबीर दारात. तुम्ही बसा ब्रेड खात." आणि त्यावर हसणाऱ्या इमोजींची रांग. काकूने पण टाकलाय, जिचा प्रत्येक रविवार गेली चाळीस वर्षं ओट्यापाशी गेला!

तर हो, मी राहते त्या जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये रविवारी सगळं बंद असतं. सुपरमार्केट बंद, कपड्यांची दुकानं बंद, ड्रिल मारायचं नाही, लॉन कापायचं नाही, काचेच्या बाटल्या कचराकुंडीत टाकायच्या नाहीत कारण खळखळ आवाज होतो. आणि हे कोणा खडूस सोसायटी सेक्रेटरीचं डोकं नाही, रविवारची सुट्टी यांच्या राज्यघटनेत आहे. १९१९ च्या घटनेतलं कलम १९४९ च्या घटनेत जसंच्या तसं उचललंय. दोन घटनांच्या मधे या देशाने काय काय करून ठेवलं ते सगळ्यांना माहितीये, पण रविवार टिकला.

आई आली होती तेव्हा ती पण हेच म्हणायची, रीलवाल्या पोराच्या कितीतरी आधी. नव्वद दिवसांचा व्हिसा, त्यातला पहिलाच रविवार, आणि बाईसाहेबांना कोथिंबीर पाहिजे. मी म्हटलं आज नाही मिळणार. "कसला गं हा देश, गावात मयत झाल्यासारखं!" म्हणाली आणि पुसलेलाच ओटा परत पुसत बसली. कारण सांगलीत तिचा रविवार म्हणजे काय, तर सकाळी मटण, वाटण, डोक्यावरून आंघोळी, कपड्यांचा ढीग, दुपारी कोणीतरी "इकडून चाललोच होतो" म्हणत जेवायला टपकणार, संध्याकाळी परत चहा. सुट्टी बाबांना, सुट्टी आम्हाला, आणि तिला डबल ड्यूटी. आपल्या सगळ्यांच्या घरी हेच होतं, उगाच मान हलवू नका.

मग तिला ओढून बागांकडे नेलं. इथे शहरात छोट्या छोट्या भाड्याच्या बागा असतात, श्रेबरगार्टन म्हणतात. श्रेबर इथलाच डॉक्टर, तो गेल्यावर १८६४ साली त्याच्या नावाने इथे पहिली संस्था निघाली. आधी मुलांना खेळायला मैदान म्हणून होतं, वाफे नंतर आले. आता कायदा असा की जागा ४०० चौरस मीटरच्या वर नको, खोपटं २४ च्या वर नको, तिथे कायमचं राहायचं नाही आणि साधारण तिसरा हिस्सा फळं-भाज्या लावायच्याच. नुसती लॉन करून खुर्ची टाकलीत तर बागवाले टोकतात. कटकट आहे, मान्य. पण त्या कटकटीमुळेच कुंपणापलीकडे वाटाणा, करवंदासारखं काहीतरी आंबट, आणि रुबार्ब. लांब लालसर दांडे, वर ही एवढी पानं. आईला वाटलं अळू. कुंपणावरून वाकून बघायला लागली तर आतली आजी उठून आली, आईला वाटलं आता ओरडणार. आजीने दांड्यांचा भारा कापून हातात दिला, पानं मात्र तोडून कंपोस्टमध्ये टाकली, ती विषारी असतात. आईने त्याचा गूळ-मेथी घालून मेथांबा केला. अरे काय झाला होता!

आणि पुढच्या रविवारी बरणी घेऊन स्वतःहून निघाली, मी चप्पल घालेपर्यंत खाली पोचली होती. आजी जर्मनमध्ये, ही मराठीत, बाकावर दोघी तासभर. मी आईला अशी बसलेली बघितलीच नव्हती. म्हणजे मांडीवर निवडायला भाजी नाही, हातात काही नाही, नुसती बसलेली.

हे दहा मिनिटांत येतं का रे?

आणि ती कोथिंबीर घेऊन जो पळत येतो त्याचा रविवार कुठेय? तो पावसात सिग्नल तोडत येणार, तुम्ही अर्धं दार उघडणार, पिशवी घेणार, दार बंद. आणि वर कौतुक कसलं, तर फास्ट आहे. अरे पाच रुपयांच्या जुडीसाठी कोणीतरी जीव मुठीत घेऊन यायला पाहिजे का?

बरं, इथे तरी काय, रविवारी रेस्टॉरंटचं जेवण पोचवणाऱ्या सायकलवर बरेचदा आपलीच पोरं असतात, मास्टर्स करणारी, पाठीवर तो मोठा चौकोनी डबा. तेव्हा मी फार सोवळं नेसून बोलू नये, ठीके. दूध संपलं तर तडफड होते, स्टेशनवरच्या दुकानात जायला लागतं, तेही खरंय.

आई परत गेली आणि जाहीर केलं की रविवारी रात्री स्वयंपाकघर बंद. मी इथे टाळ्या वाजवल्या. मग कळलं की भाऊ ॲपवरून मागवतो. म्हणजे तिचा रविवार सुटला तो त्याच स्कूटरवाल्याच्या जीवावर, आता बोला! मला राग पण आला आणि बोलताही येईना, कारण आयुष्यात पहिल्यांदा ती बसतेय. बाबांना म्हटलं खिचडी शिका. शिकतायत म्हणे, अजून मोहरी जळते.

असो. बरंच लिहिलं. ऊन पडलंय, कोस्पुडनला जातेय. तलाव आहे, पूर्वी तिथे कोळशाची उघडी खाण होती, त्यात पाणी भरून २००० साली लोकांना खुला केला. आता वाळूत पोरं लोळतात. वाटेत बेकरी तेवढी उघडी असते, दुपारपर्यंत. कोणी लाइपझिगमध्ये असाल तर या, चटणी-ब्रेड माझ्याकडे, पाण्याच्या बाटल्या तुम्ही आणा. रिकाम्या परत न्यायच्या, डिपॉझिटचे २५ सेंट मिळतात. अर्थात उद्या, बाटल्या परत घेणारं मशीन ज्या दुकानात असतं ते आज बंद.