खराडीतलं डोकं, कॉर्कमधला नफा

‘पुण्यातील कंपनी मूळ कंपनीच्या सूचनांनुसार ठरावीक स्वरूपाचे काम करते. महत्त्वाचे निर्णय ती घेत नाही आणि व्यवसायाची जोखीम तिच्यावर नाही.’

ही दोन वाक्यं मी नऊ वर्षं, दर ऑक्टोबरात, न चुकता लिहिली. पुण्याजवळच्या खराडीतल्या एका परदेशी समूहाच्या उपकंपनीत मी फायनान्सला होते. ठरलेल्या मुदतीत सीएची सही घेऊन थ्रीसीईबी फॉर्म, म्हणजे समूहातल्या परदेशी कंपन्यांशी झालेल्या व्यवहारांचा अहवाल, भरायचा असायचा. त्यामुळे आमची नवरात्र, आणि पुष्कळदा दिवाळीही, फायलींतच जायची. आता पाच वर्षं झाली, मी आयर्लंडमध्ये कॉर्कला आहे, दुसऱ्या एका समूहाच्या कराचं काम बघते. तशाच फायली भारतातून आता माझ्याकडे येतात, आणि तीच दोन वाक्यं मला या टोकाला बसून वाचावी लागतात.

परवा कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी एका परदेशी कंपनीला आलेल्या आयकर नोटिशीची बातमी टाकली आणि दोन तट पडले. एक मित्र, स्वतः सीए, म्हणाला, ‘हा कर दहशतवाद आहे. आयर्लंडसारखा साडेबारा टक्के दर करा, बघा कशा रांगा लागतात.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘रांगा कसल्या? ईस्ट इंडिया कंपनीच ही, नाव बदलून आलेली. वसूल करा.’ मग कुणीतरी म्हणालं, ‘अगं, तू तिथेच आहेस ना, तू सांग.’ तिथे चार ओळींत सांगता येईना, म्हणून हे लांबलचक लिहिते आहे.

या फायली आणि असे वाद ज्याचे असतात ते ट्रान्स्फर प्रायसिंग, म्हणजे एकाच समूहातल्या कंपन्यांनी आपसात लावलेली किंमत. मी आईला ते असं सांगितलं होतं. दोन भाऊ. थोरल्याचं शेत, धाकट्याचं शहरात दुकान. थोरल्याने भाजी धाकट्याला दहा रुपयांना दिली काय किंवा वीसला दिली काय, घरात येणारा पैसा तेवढाच. पण नफा कुणाच्या वहीत दिसणार, ते त्या किमतीवर ठरतं. शेताच्या गावात कर जास्त आणि दुकानाच्या गावात कमी असेल, तर थोरला भाजी स्वस्तच देणार. म्हणून कायदा म्हणतो, परक्या दुकानदाराला ज्या भावाने दिली असतीत, तोच भाव धरा. त्यालाच आर्म्स लेंथ प्राइस म्हणतात. भारतात हे नियम २००१ पासून आहेत.

भाजीला बाजारभाव असतो. कल्पनेला, कोडला, डिझाइनला कुठला बाजारभाव? तिथून खरा घोळ सुरू होतो.

पुण्यातल्या बहुतेक कॅप्टिव्ह, म्हणजे फक्त आपल्याच समूहासाठी काम करणाऱ्या, कंपन्यांचा हिशोब ‘कॉस्ट प्लस’ असतो: खर्च आणि त्यावर ठरावीक टक्के नफा, म्हणजे मार्कअप. समजा वर्षाचा खर्च १०० कोटी आणि मार्कअप १५ टक्के. मूळ कंपनी ११५ कोटी देते, १५ कोटी नफा, त्यावर साधारण २५ टक्के म्हणजे पावणेचार कोटी कर. विषय संपला. त्या कामातून तयार झालेलं सॉफ्टवेअर जगभर विकून समूहाला पुढे कितीही मिळोत, पुण्याच्या वहीत १५ कोटीच. बाकीचा नफा जिथे पेटंट आणि कॉपीराइट नोंदवलेले असतात तिथे जातो. अशा अनेक समूहांची ती जागा म्हणजे मी आता राहते तो देश.

आमच्या विभागाची आणि आयकरवाल्यांची भांडणं व्हायची ती या १५ वर. ट्रान्स्फर प्रायसिंग ऑफिसर म्हणायचे २२ हवेत. मग दोन्ही बाजू आपापल्या सोयीच्या कंपन्यांची यादी काढून तुलना मांडायच्या. इन्फोसिससारख्या स्वतःचा ब्रँड आणि स्वतःची उत्पादनं असलेल्या महाकाय कंपनीशी छोट्या कॅप्टिव्हची तुलना करायची नाही, हे सांगायला २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. सात टक्क्यांचा फरक म्हणजे आमच्या समजा-हिशोबात पावणेदोन कोटी कर. त्यासाठी डिमांड नोटीस, अपील, ट्रायब्युनल, हायकोर्ट अशी वर्षानुवर्षं. माझ्या टेबलावर एका वर्षाची फाइल सातवं वर्ष चालू असतानाही उघडीच होती. मूळ नोटीस काढणारे अधिकारी तोवर दोनदा बदलून गेले होते.

कर दहशतवाद म्हणणाऱ्या मित्राचं इथपर्यंत मला पटतं. २०१४ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला व्होडाफोनचा निकाल आठवा. (२००७ च्या हचिसन सौद्याचा आणि नंतरच्या पूर्वलक्षी कायद्याचा वाद वेगळा, तो इथे घेत नाही.) भारतीय कंपनीने आपल्याच मूळ कंपनीला शेअर दिले. विभाग म्हणाला, स्वस्तात दिले, म्हणजे उरलेली रक्कम तुम्ही कर्जाऊ दिली असं समजू आणि त्यावरचं व्याजही धरू. कोर्टाने सांगितलं की हे भांडवल आहे, इथे उत्पन्नच झालेलं नाही, तर कर कशावर? जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने अपील न करण्याचं ठरवलं. विभाग हरला, आणि बरं झालं हरला. जिथे कुणी कमावलंच नाही तिथे कर शोधण्यात माणसं आणि वर्षं गेली, आणि जिथे खरोखर कमाई होत होती तिथे कुणी पाहिलं नाही.

ती कमाई मी एकदा डोळ्यांनी पाहिली आहे. ट्रान्स्फर प्रायसिंगच्या फायलीत ‘फंक्शनल ॲनॅलिसिस’ नावाचा भाग असतो: कोण काय काम करतं, निर्णय कुणाचा, जोखीम कुणाची. त्यासाठी लोकांशी बोलायचं असतं. एका वर्षी मी आमच्या एका सीनियर आर्किटेक्टबरोबर बसले. संध्याकाळची सातची वेळ, बाहेर पाऊस, कॅन्टीनमधला शेवटचा चहा. मी छापील प्रश्न विचारला, ‘नव्या फीचर्सचा निर्णय मुख्यालय घेतं ना?’ ती उठून व्हाइटबोर्डजवळ गेली आणि तिने सगळं काढून दाखवलं. कुठलं जुनं मॉड्यूल फेकून द्यायचं, कुठलं नवं लिहायचं, चार महिने त्यात घालायचे की नाही, हे तिने आणि तिच्या सहा जणांनी ठरवलं होतं. मुख्यालयाला कळवलं होतं. तिकडून ‘गुड, गो अहेड’ अशी एका ओळीची मेल आली होती, ती तिने मला लॅपटॉपवर दाखवली. पुढच्या वर्षी तेच फीचर समूहाच्या जाहिरातीत सगळ्यात वर होतं.

मी डेस्कवर आले आणि लिहिलं, ‘महत्त्वाचे निर्णय ती घेत नाही.’ मागच्या वर्षीच्या फायलीत तेच होतं, त्याआधीच्या वर्षीही तेच. कुणी मला खोटं लिही म्हणून सांगितलं नव्हतं. तरीही ते खरं नव्हतं, आणि मला ते माहीत होतं. ती रुखरुख अजून गेलेली नाही.

आता आयर्लंडची गोष्ट. इथला दर २००३ पासून साडेबारा टक्के, आणि मोठ्या समूहांना २०२४ पासून किमान १५. पण आयर्लंडचं नाव झालं ते दराने नव्हे, नफा कुठे दाखवायचा या सोयीने. कॉर्कच्या उत्तरेला टेकडीवर हॉलीहिल आहे, तिथे १९८० पासून ॲपल आहे. मी तिथून अनेकदा जाते. खरी इमारत, खरी माणसं. पण २०११ मध्ये ॲपलच्या एका आयरिश कंपनीने सुमारे १६ अब्ज युरो नफा दाखवला आणि त्यातले फक्त ५ कोटी युरो इथे करपात्र धरले गेले. उरलेला नफा त्या कंपनीच्या ‘मुख्य कार्यालया’चा, असं मानलं गेलं. त्या मुख्य कार्यालयाला ना माणसं होती, ना जागा. ते कुठल्याच देशात नव्हतं. आयरिश करविभागाने १९९१ आणि २००७ मध्ये या वाटणीला मान्यता दिली होती.

युरोपियन कमिशनने २०१६ मध्ये सांगितलं की ही बेकायदा सवलत आहे, १३ अब्ज युरो वसूल करा. आणि ज्याला पैसे मिळणार होते तो देशच ‘आम्हाला नकोत’ म्हणून युरोपियन कोर्टात गेला. २०२० मध्ये खालच्या कोर्टात जिंकला, १० सप्टेंबर २०२४ ला वरच्या कोर्टात हरला. व्याजासकट १४ अब्ज युरोंच्या वर रक्कम पदरात पडली. निकालाच्या दिवशी ऑफिसमधले एक वयस्कर सहकारी मला म्हणाले, ‘माझा मुलगा बत्तीस वर्षांचा आहे आणि अजून त्याच्या लहानपणच्या खोलीत झोपतो, कारण या शहरात त्याला भाडं परवडत नाही. ते पैसे मिळवण्यासाठी आम्ही भांडायला हवं होतं, नाकारण्यासाठी नाही.’ त्यावर मी काय बोलणार होते? महिनाभराने अर्थसंकल्पात सरकारने सांगितलं की तो पैसा घरं, पाणी, वीज आणि वाहतुकीवर लावू.

मित्र म्हणतो त्या रांगा इथे लागल्या, हे खरं आहे. कंपनी करातून २०२४ मध्ये, ॲपलची ती रक्कम वगळूनही, २८ अब्ज युरो आले, ५४ लाख वस्तीच्या देशात. पण त्यातला निम्म्याहून अधिक कर दहा समूहांकडून येतो. त्यातल्या दोघांनी पेटंट दुसरीकडे हलवायचं ठरवलं तर या देशाच्या अर्थमंत्र्याच्या हातात काय उरतं? २०१५ मध्ये इथला जीडीपी एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढल्याचा आकडा जाहीर झाला, मुख्यतः कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदावर इथे आणली म्हणून. लोकांच्या ताटात काही वाढलेलं नव्हतं. शेवटी सांख्यिकी खात्याला अर्थव्यवस्था मोजायचं वेगळं माप काढावं लागलं. जो नफा कागदावर येतो तो कागदावरच जातो. साडेबारा टक्के करा म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. लहान देशाने पत्करलेला हा धोका भारताने पत्करायचं काही कारण नाही, कारण आपल्याकडे दर दाखवून बोलवावं लागत नाही, माणसं आहेत.

म्हणूनच ‘वसूल करा’ म्हणणाऱ्या मित्रालाही सांगते, मार्कअप १५ चा २२ केला तरी तू चुकीच्याच गोष्टीवर भांडतोयस. टक्का किती, हा दुसरा प्रश्न. खराडीत, हिंजवडीत, मगरपट्ट्यात जे चालतं ते ठरावीक काम आहे की निर्मिती, हा पहिला. हा प्रश्न विचारायची सोय आपल्या नियमांत आहे. २०१३ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने संशोधन-विकास केंद्रांसाठी परिपत्रक काढलं, जूनमध्ये ते सुधारलं. त्यात स्पष्ट आहे की करारात काय लिहिलंय त्यापेक्षा प्रत्यक्ष वागणूक बघा. महत्त्वाची कामं परदेशी कंपनी स्वतः करते का, निर्णय आणि देखरेख तिच्याकडे आहे का, बघा. कागद नेमका हवा तोच आहे. पण माझ्या नऊ वर्षांत व्हाइटबोर्डवरचं ते चित्र बघायला कुणी अधिकारी आले नाहीत. आमच्याकडून मागवली जायची ती तुलनेला घेतलेल्या कंपन्यांची एक्सेल शीट. अधिकाऱ्यांबरोबर सॉफ्टवेअर कळणारा एक माणूस द्या आणि त्याला दोन दिवस टीमबरोबर बसू द्या. सात वर्षं चालणाऱ्या अपिलापेक्षा त्यातून जास्त हाती लागेल.

आणि एकदा ठरलं की ते पक्कं ठेवा. त्याचाही रस्ता तयार आहे. २०१२ पासून ॲडव्हान्स प्रायसिंग ॲग्रीमेंटची सोय आहे. पुढची पाच वर्षं आणि मागची चार, भाव आधीच ठरवून टाकायचा. २०२४-२५ मध्ये असे १७४ करार झाले, तोवरचे एकूण ८१५. या कामाचा मला अभिमान वाटतो आणि ते आणखी वाढावं असं वाटतं. फक्त करारात आधी ती दोन वाक्यं तपासली जावीत, नाहीतर चुकीची गोष्ट पाच वर्षांसाठी पक्की होऊन बसते.

‘असं केलंत तर काम पोलंडला जाईल,’ असं सीए मित्र म्हणणारच. थोडं जाईल. जे खरोखर ठरावीक आहे ते स्वस्त जागा शोधतच असतं. दुसरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी: नफ्यात वाटा मागितला तर तोट्यातही वाटा येतो. कॉस्ट प्लसमध्ये उत्पादन आपटलं तरी पुण्याला १५ टक्के मिळतात आणि सरकारला त्यावरचा कर. ती शाश्वती काही प्रमाणात सोडावी लागेल. मला तो सौदा मान्य आहे. त्या आर्किटेक्टसारखी माणसं ज्या शहरात हजारोंनी आहेत, त्या शहराने कायम मजुरीचा हिशोब का लावावा?

या ऑक्टोबरातही भारतातल्या आमच्या उपकंपनीची फाइल आली. चौथ्या पानावर तीच दोन वाक्यं, जवळजवळ शब्दशः. मी समासात लिहिलं, ‘हे कुणाशी बोलून लिहिलं आहे? नावं आणि तारखा द्या.’ दोन दिवस उत्तर आलं नाही. मग तिकडच्या मुलीचा फोन आला, ‘ताई, बोललो कुणाशीच नाही. मागच्या वर्षीचंच घेतलंय. बदलायचं असेल तर इंजिनीअरिंगवाल्यांशी बोलावं लागेल.’ माझे बॉस म्हणाले, मुदत जवळ आहे, राहू दे. मी म्हटलं, दोन तास द्या. गुरुवारी इथले दीड, पुण्याचे सहा, अशी वेळ ठरली आहे. तिला एवढंच सांगितलंय, की खोलीत व्हाइटबोर्ड असू दे आणि आपले छापील प्रश्न बाजूला ठेव.